हत्तीवर बसून झाडं मोजणारा माणूस

मुलांनो, मध्य प्रदेशातल्या देवास जिल्ह्यात पीपलरावां नावाचं गाव आहे. हो, तेच देवास, जिथे पवारांची थोरली पाती आणि धाकटी पाती अशी दोन मराठी संस्थानं एकाच शहरात नांदत होती! पीपलरावांच्या आसपास माळव्याची काळी जमीन. गहू, हरभरा, सोयाबीन पिकवणारी. पण तिथून दक्षिणेला बागली, कन्नोद, खातेगावकडे निघालात की विंध्याचे उतार नर्मदेकडे झुकतात आणि साग दिसू लागतो. हाताच्या पंजाहून कितीतरी मोठ्या पानांचा आणि उन्हाळ्यात पार उघडाबोडका होणारा साग.

हे जंगल सरकारी, म्हणजे आपल्या सगळ्यांचं. त्यातलं लाकूडही हवं आणि जंगलही टिकायला हवं. मग वर्षाला झाडं तोडायची तरी किती?

हा प्रश्न रेल्वेमुळे फार निकडीचा झाला. १८५३ मध्ये मुंबईहून ठाण्याला गाडी धावली आणि मग देशभर रूळ पडू लागले. रुळांखाली लाकडी स्लीपर लागत, किलोमीटरमागे हजाराच्या वर! सागाला वाळवी सहसा लागत नाही, त्यामुळे सगळ्यांचा डोळा सागावर. जंगलं भराभर रिकामी होऊ लागली.

त्याच सुमारास, १८५६ मध्ये, डिट्रिच ब्रँडिस हा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलात दाखल झाला. त्याने झाडं मोजली ती हत्तीवर बसून! डाव्या हातात बांबूचे चार तुकडे, उजव्या हातात चाकू. प्रत्येक तुकडा एकेका जाडीच्या झाडांसाठी. साग दिसला की जाडी नजरेने जोखायची आणि त्या तुकड्यावर एक खाच पाडायची. संध्याकाळी खाचा मोजल्या की हिशेब तयार.

पण तोडायची ती जाड झाडं, मग बारीक झाडं कशाला मोजायची? खरी गंमत इथेच आहे. समजा, जाड साग १००० आहेत आणि त्यांच्याहून जरा बारीक सागही १०००. बारीक साग जाड व्हायला २० वर्षं लागतात असं धरू. दरवर्षी ५० तोडले, तर जुने १००० संपेपर्यंत नवे १००० तयार! पण ६० तोडले तर? सतराव्या वर्षीच जाड झाडं खलास. बँकेतलं व्याज खायचं, मुद्दलाला हात लावायचा नाही, तसंच हे. प्रत्यक्षातलं गणित याहून अवघड, कारण काही झाडं वणव्यात, वादळात मरतात.

१८६४ मध्ये देशाचं वनखातं सुरू झालं आणि ब्रँडिस त्याचा पहिला प्रमुख झाला. पुढच्याच वर्षी नर्मदेपलीकडे, सातपुड्यातलं बोरीचं जंगल राखीव झालं. जंगलांचे भाग पाडून कोणत्या वर्षी कुठे तोड करायची हे आधीच ठरू लागलं. अशा भागाला वनखात्यात आजही ‘कूप’ म्हणतात. आणि साग असा चिवट, की तोडलेल्या खुंटालाही पुन्हा धुमारे फुटतात!

या हिशेबात एक मोठी उणीव मात्र राहिली. राखीव जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या भिल्ल, कोरकू, गोंड माणसांचं सरपण, मोहाची फुलं, मध यांच्यावर बंधनं आली. बांबूच्या त्या तुकड्यांवर माणसांसाठी खाच नव्हती. मला हा अन्याय वाटतो, आणि तो दूर व्हायला फार वर्षं लागली. २००६ मध्ये वनहक्क कायदा झाला. २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला आपल्या जंगलाचे सामूहिक हक्क मिळाले. तिथला बांबू कधी आणि किती तोडायचा, हे आता ग्रामसभा ठरवते.

आता तुमच्यासाठी एक काम. साग पानं गाळतो तेव्हा त्याची वाढ थांबते, म्हणून त्याच्या खोडात वर्षाला एक वलय स्पष्ट उमटतं. घरातल्या मोठ्या माणसांबरोबर लाकडाच्या वखारीत जा, सागाचा एखादा जाड ओंडका शोधा आणि मधल्या ठिपक्यापासून सालीपर्यंत वलयं मोजा. तो साग तुमच्या आजोबांच्याही आधी उगवला होता का, ते आम्हाला जरूर कळवा.