दंतवैद्याचा आरसा आणि मुखाचा कर्करोग

दात दुखू लागल्याखेरीज दंतवैद्याकडे जाण्याची आपल्याकडे रीत नाही. परंतु मुखाचा कर्करोग आरंभी बहुधा दुखत नाही, आणि म्हणूनच तो वेळीच ध्यानात येत नाही. वास्तविक मुखाची पाहणी अगदी सोपी होय. चांगला उजेड, लहानसा आरसा व जाणती नजर एवढ्याने ती साधते. दातांच्या नेहमीच्या तपासणीतच दंतवैद्य ओठ, गालांची आतील बाजू, हिरड्या, टाळू आणि जिभेच्या कडा पाहू शकतो. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, मखमली लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण ही धोक्याची चिन्हे होत. प्रत्येक चट्टा कर्करोगच असतो असे मात्र नाही. संशय आल्यास त्याचा लहानसा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात व त्यावरून निदान ठरते.

अशा पाहणीने प्राण वाचतात काय? या प्रश्नाचा शोध केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात १९९६ मध्ये सुरू झाला. काही पंचायतींत प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन ३५ वर्षे व त्यावरील स्त्रीपुरुषांची मुखे तपासली. इतर पंचायतींत नेहमीचीच व्यवस्था राहिली. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, पाहणी झालेल्या पंचायतींतील तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांत या रोगाने होणारे मृत्यू ३४ टक्क्यांनी कमी आढळले.

तंबाखू व सुपारी वर्ज्य करणे हा पहिला उपाय होय. ज्यांना ती सवय जडली आहे, त्यांनी ती दंतवैद्यापासून लपवू नये आणि दात दुखण्याची वाटही पाहू नये.