अनुराधपूरचे तापलेले दगड आणि मधुमेहाचे पाय

गेल्या एप्रिलमध्ये आम्ही भिंगारचे सहा मित्र श्रीलंकेला जाऊन आलो. सगळे साठीच्या आसपासचे; तिघांना रक्तदाब, दोघांना मधुमेह. बाबासाहेब १९५० साली बौद्ध परिषदेसाठी कोलंबोला गेले होते, हे लहानपणापासून ऐकलेलं. निवृत्तीचे पैसे हाती आले आणि आम्ही ठरवलं, आठ दिवस मित्रांसोबत हिंडायचं, समुद्रावर निवांत बसायचं.

औषधांची तयारी चांगली होती. गोळ्या आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. सामानाच्या डब्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकतं. श्रीलंकेचं घड्याळ आपल्यासारखंच चालतं, त्यामुळे गोळ्यांच्या वेळाही बदलाव्या लागल्या नाहीत. चूक झाली ती पायांची.

अनुराधपूरला पोहोचायला दुपारचा एक वाजला. संघमित्रा थेरींनी नेलेल्या फांदीपासून वाढलेला बोधिवृक्ष तिथे आहे, आणि चालत जाण्याच्या अंतरावर रुवनवेली महास्तूप. पांढऱ्या कपड्यांतले उपासक, हातात कमळं. चप्पल आणि टोपी दोन्ही बाहेर काढून ठेवायची. स्तूपाभोवतीची फरशी तव्यासारखी तापलेली. आम्ही पाच जण उड्या मारत सावली गाठत होतो. आमच्यातले एक दादा मात्र शांतपणे पूर्ण प्रदक्षिणा घालून आले. आम्ही म्हटलं, काय श्रद्धा आहे! पण दादांना चटका कळलाच नव्हता.

बारा वर्षांच्या मधुमेहाने त्यांच्या पायांच्या नसा बधिर झालेल्या. रात्री तळपायाला दोन मोठे फोड दिसले, तरी ते बोलले नाहीत. सगळ्यांची सहल खराब होईल, म्हणून. दुसऱ्या दिवशी मिहिंतलेच्या पायऱ्या चढले. त्या अठराशेच्या वर आहेत. तिसऱ्या दिवशी नेगोम्बोच्या वाळूत आम्ही शहाळं पीत पाय पसरून बसलो, तेव्हा त्यांचा मोजा ओला दिसला. फोड फुटून जखम चिघळायला लागली होती. तिथल्या दवाखान्यात ड्रेसिंग झालं, पुढचे दिवस त्यांनी खोलीतच काढले. भिंगारला आल्यावर जखम भरायला सात आठवडे लागले. मधुमेहात अशी जखम हाडापर्यंत गेली तर बोट, कधी पाय कापायची वेळ येते.

म्हणून धम्मस्थळांना निघणाऱ्यांना सांगतो. स्तूप पहाटे नाहीतर ऊन उतरल्यावर पाहावेत. ते तेव्हाच अधिक सुंदर दिसतात. जाड सुती मोजे न्यावेत. श्रीलंकेच्या स्तूपांवर मोजे घातलेले बरेच प्रवासी दिसतात. रोज रात्री तळपाय आणि बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा, किंवा सोबत्याला सांगावं. त्यात लाज कसली? फोड फोडू नये. शेक म्हणून बधिर पाय गरम पाण्यात तर मुळीच बुडवू नयेत, हा आपल्याकडचा आवडता उपाय. निघण्याआधी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. दोन मिनिटांचं काम आहे.

आणि कार्यक्रम एवढा गच्च बांधू नये. रोज तीन-तीन ठिकाणं आम्हीच कोंबली होती, दादांनी नाही. भर दुपारी स्तूपावर पोहोचलो ते त्यामुळेच.

आता लुंबिनीचं ठरतंय, थंडीत. दादांनी मोज्यांचे चार जोड आताच घेऊन ठेवलेत, आणि रात्री सगळ्यांचे पाय तपासायचं काम आपणहून अंगावर घेतलंय.