काळ्या घोड्याच्या वाटेवर

गोमंतकीय माणूस मुंबईस जातो तो कामासाठी. कुणाला मोठ्या इस्पितळात प्रकृती दाखवावयाची असते, कुणाला लग्नाचा बस्ता बांधावयाचा असतो, तर कुणाचा मुलगा तेथे नोकरीस असतो. पूर्वी पणजीहून आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरावे लागे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली आणि संध्याकाळी मडगावास गाडीत बसलेला माणूस पहाटे बोरीबंदरला उतरू लागला. काम बहुधा दुपारपर्यंत आटोपते. परतीची गाडी रात्रीची. मधले पाच-सहा तास कुठे घालवावेत, हा प्रश्न उरतो आणि तो आपण दुकाने पालथी घालून सोडवतो. या मोकळ्या वेळेसाठी आज आम्ही वाचकांना एक वेगळी वाट सुचविणार आहोत. ती वाट चित्रांची आहे.

बोरीबंदरहून हुतात्मा चौक ओलांडून दक्षिणेकडे चालत निघाले की अवघ्या वीस-पंचवीस मिनिटांत काळा घोडा हा भाग लागतो. ज्या घोड्यावरून हे नाव पडले, तो सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ साली तेथून हलविण्यात आला. २०१७ साली त्या परिसरात स्वाराविना असलेला नवा काळा घोडा उभा राहिला. राजा गेला, घोडा परत आला! या घोड्याच्या आसपास, हाकेच्या अंतरावर, तीन अशा वास्तू आहेत की ज्यांच्यापैकी एकीत तरी पाऊल टाकल्याविना मुंबईहून परतू नये.

पहिली जहांगीर कलादालनाची. सर कावसजी जहांगीर यांनी आपल्या दिवंगत पुत्राच्या स्मरणार्थ दिलेल्या देणगीतून १९५२ साली ते उभे राहिले. प्रवेशास एक पैसाही पडत नाही. येथील बहुतेक प्रदर्शने आठवडाभराची असतात, म्हणजे दर खेपेस नवी चित्रे आणि नवा चित्रकार. ज्याची चित्रे भिंतीवर लागली आहेत, तो पुष्कळदा दालनातच एका खुर्चीवर बसलेला असतो, आणि कुणी चार प्रश्न विचारले तर त्याला आनंदच होतो. असे असूनही आपला मध्यमवर्गीय माणूस या दारापाशी बिचकतो. आपल्याला चित्रातले काही कळत नाही, आत कुणी हसेल, अशी एक भीती त्याच्या मनात असते. गाण्याच्या बैठकीस बसताना तो अशी भीती बाळगत नाही. रागाचे नाव ठाऊक नसले तरी मान डोलावण्याचा अधिकार त्याने आपल्याकडे ठेवला आहे. मग चित्रापुढेच त्याने का संकोचावे? दहा चित्रांवरून नजर फिरवून बाहेर पडण्याऐवजी एकाच चित्रापुढे दहा मिनिटे उभे राहावे. कळणे मागाहून येते, आधी पाहणे यावे लागते.

दुसरी वास्तू राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाची. सर कावसजी जहांगीर यांच्याच नावाचे हे सभागृह १९११ मधले. एके काळी गायनाच्या मैफली, राजकीय सभा, लग्नाचे स्वागतसमारंभ, असे सारे काही येथे होत असे. शिल्पकार पिलू पोचखानवाला आणि कलादालनचालक केकू गांधी यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १९९६ साली येथे संग्रहालय सुरू झाले. अर्धवर्तुळाकार मजले चढत वर जावे आणि प्रत्येक मजल्यावर थांबत चित्रे पाहावीत, अशी तिची रचना आहे. येथील प्रदर्शने बदलत असतात. सोमवारी मात्र दार बंद असते, हे ध्यानात ठेवावे.

आधुनिक भारतीय चित्रकलेची कथा गोमंतकास वगळून सांगताच येत नाही. साळगावात १९२४ साली जन्मलेले फ्रान्सिस न्यूटन सूझा यांना ‘चले जाव’ चळवळीतील सहभागापायी जे. जे. कलाशाळेतून काढून टाकण्यात आले. १९४७ साली त्यांनी रझा, हुसेन, आरा, गाडे व बाकरे यांच्यासह जो प्रागतिक कलावंतांचा गट स्थापला, त्याने या देशातील चित्रकलेचे वळणच बदलले. याच गटात पुढे आलेले वासुदेव गायतोंडे जन्माने नागपूरचे, पण त्यांचे घराणे मूळ गोमंतकातले. गिरगावच्या चाळीत वाढलेल्या या अबोल माणसाच्या चित्रांचे प्रदर्शन २०१४ साली न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयात भरले. मडगावच्या लक्ष्मण पै यांनी पॅरिसला दहा वर्षे काढली आणि पुढे पणजीच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषविले. त्यांच्याही आधी, गेल्या शतकाच्या आरंभी, सांग्याचे आंतोनियु शाव्हियेर त्रिंदाद जे. जे. मध्ये विद्यार्थ्यांना शिकवीत होते.

यांपैकी किती नावे आपल्या घरात उच्चारली जातात? २०१३ साली मुंबईच्या लिलावात गायतोंडे यांचे एक चित्र २३ कोटी ७० लाखांना गेले, तेव्हा मात्र ते नाव आपल्या कानी पडले. किंमत कळली, चित्र पाहावयाचे राहून गेले. याचा दोष केवळ वाचकांवर टाकून आम्हां वृत्तपत्रवाल्यांना मोकळे होता यावयाचे नाही. बोली किती लागली हे आम्ही ठळक अक्षरांत छापतो आणि चित्रात काय आहे हे सांगावयास जागा पुरत नाही. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर या आपल्याच भूमीच्या चित्रकारांना दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांनी आणि दिनदर्शिकांनी घराघरांत नेले. म्हणजे चित्र घरात आले तर आपण त्याचे स्वागत करतो. चित्राकडे आपण होऊन चालत जाण्याची सवय तेवढी आपल्याला लागली नाही.

तिसरी वास्तू छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची. १९२२ साली ती लोकांस खुली झाली. त्याआधी पहिल्या महायुद्धात तिचा उपयोग सैनिकांच्या इस्पितळासाठी झाला होता. ऐहोळेच्या देवळाच्या छतावरील कोरीव पाषाण, मीरपूर खासच्या भाजक्या मातीच्या बुद्धमूर्ती आणि राजपूत व पहाडी शैलींतील लघुचित्रे येथे आहेत. लहान मुले बरोबर असतील तर आरंभ येथूनच करावा, आणि सारे एका दिवसात पाहून टाकण्याचा हट्ट धरू नये.

ज्यांच्यापाशी आणखी एक दिवस असेल, त्यांनी भायखळ्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात जावे. बुधवार तेवढा टाळावा. १८७२ साली व्हिक्टोरिया राणीच्या नावे उघडलेल्या या संग्रहालयाला १९७५ साली ज्यांचे नाव दिले गेले, ते भाऊ दाजी पेडणे महालातल्या मांद्र्याचे. धन्वंतरी, पुराविद्येचे पंडित आणि या संग्रहालयाच्या उभारणीसाठी झटलेले गृहस्थ. मोडकळीस आलेल्या या वास्तूचा जीर्णोद्धार इतक्या साक्षेपाने झाला की २००५ साली युनेस्कोने त्याचा गौरव केला. काळ्या घोड्यावरून हलविलेला तो जुना पुतळाही याच परिसरात विसावला आहे.

जीर्णोद्धार हा शब्द आला आणि आम्हांस घरची आठवण झाली. गोमंतकातील जुन्या देवळांच्या भिंतींवर कावी चित्रे आहेत. शिंपल्यांच्या चुन्याचा गुळगुळीत गिलावा, त्यावर तांबड्या मातीच्या रंगाचा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार अवजाराने खरडून उमटवलेली पांढरी रेषा. कुठे दशावतार, कुठे रामायणातील प्रसंग, कुठे नुसती वेलबुट्टी. या चित्रांपैकी कितीतरी गेल्या काही दशकांत तैलरंगाखाली आणि चकचकीत फरशांखाली गेली. ती नष्ट करणारे कुणी परके नव्हते. देवावर निस्सीम श्रद्धा असलेल्या, पदरमोड करून देऊळ नवे करणाऱ्या आपल्याच महाजनांनी, अत्यंत भक्तिभावाने, हे काम केले. त्यांच्या हेतूत खोट नव्हती. समोरच्या भिंतीवर जे आहे ते मोलाचे आहे, हे सांगणारी नजर तेवढी नव्हती.

ही नजर कायद्याने येत नाही. ती पाहून पाहून येते. मुंबईच्या दालनात ज्या मुलाने एखाद्या चित्रापुढे दहा मिनिटे काढली, तो उद्या गावच्या देवस्थान समितीवर बसेल, आणि भिंत खरवडण्याचा ठराव पुढे आला की ‘जरा थांबा’ असे म्हणेल. त्या दोन शब्दांनी एक भिंत वाचेल. ड्रॉइंगच्या परीक्षांना दरवर्षी विद्यार्थी बसविणाऱ्या आमच्या शाळांनी मुंबईच्या सहलीत एक दुपार या कामी राखून ठेवावी, आणि पालकांनीही बस्त्याच्या यादीखाली एक ओळ वाढवावी. गाडी रात्रीची आहे. वेळ पुष्कळ आहे.