वेग दुप्पट केला तर?

दोन चलांमधलं नातं ओळखायची एक सोपी युक्ती आहे: एक चल दुप्पट करा आणि दुसरं काय करतं ते बघा. उदाहरणाला गाडीचा वेग पुरे.

तासाभरात ताशी ४० च्या वेगाने ४० किलोमीटर होतात, ८० च्या वेगाने ८०. भागाकार कायम, म्हणजे समचलन. आलेख सरळ रेषा, आणि ती आरंभबिंदूतून जाणारी. ही दुसरी अट हमखास विसरली जाते. सेल्सिअस-फॅरनहाइटचा आलेखही सरळच, पण १० अंश सेल्सिअस म्हणजे ५० फॅरनहाइट आणि २० म्हणजे ६८. संबंध रेषीय आहे, समचलन नाही.

आता अंतर पक्कं करू, ९० किलोमीटर. इथे वेग आणि वेळ यांचा गुणाकार कायम राहतो. हे व्यस्त चलन. ताशी ३० ने तीन तास, ६० ने दीड, ९० ने एक, १२० ने पाऊण. वेग दर वेळी ३० नेच वाढला, पण वाचली अनुक्रमे ९०, ३० आणि १५ मिनिटं. आधीच सुसाट असलेल्याला आणखी घाई करून फारसं काही मिळत नाही.

उलट, द्यावं लागतं बरंच. समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत एक सेकंद गेला असं धरू. तेवढ्यात गाडी ताशी ५० ने १४ मीटर जाते, १०० ने २८. इथवर समचलनच. पण ब्रेक लागल्यावर जिरवायची असते ती गतिज ऊर्जा, आणि ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ब्रेकचा जोर तोच, म्हणून वेग दुप्पट झाला की अंतर चौपट. कोरड्या रस्त्यावर वेग सेकंदाला ७ मीटर प्रतिसेकंद या दराने उतरतो असं मानलं, तर ५० ला साधारण १४ मीटर लागतात, १०० ला ५५. एकूण २८ विरुद्ध ८३. दुप्पट नाही, चौपटही नाही, जवळपास तिप्पट; कारण दोन वेगळ्या संबंधांची ही बेरीज आहे.

मायलेज मात्र यातल्या कुठल्याच साच्यात बसत नाही. अगदी हळू चालवलं तर ते कमी, मधल्या वेगाला सर्वांत जास्त, पुढे हवेचा रोध वाढला की पुन्हा कमी. त्यामुळे, गिअर आणि रस्ता तेच असले तर, वेगावरून मायलेज काढता येतं, पण मायलेजवरून वेग विचारला तर बहुधा दोन उत्तरं येतात.