पावती फाडली, गेम कुठे आहे?

गणपतीची वर्गणी देताना आपण मंडळाकडून देखावा अमुक तारखेला पूर्ण होईल असं लिहून घेत नाही. पावती फाडतो, फार तर खजिनदाराकडे जरा रोखून बघतो आणि विषय संपतो. व्हिडिओ गेमसाठी इंटरनेटवर गोळा होणारे पैसे, म्हणजे क्राउडफंडिंग, हा प्रकार या वर्गणीच्याच जातीचा आहे. पैसे भरणारा मात्र ते ऑनलाइन मिक्सर मागवल्याच्या थाटात भरतो. पानावर 'पुढच्या ऑक्टोबरात' असं छापलेलं असतं. तो ऑक्टोबर येतो नि जातो, त्याच्या पुढचाही जातो. मग चिडचिड सुरू होते, आणि त्या चिडचिडीतून काही समज पक्के होत जातात. त्यातले बरेचसे चुकीचे आहेत.

गैरसमज: ही आगाऊ नोंदणी आहे, पैसे भरले की गेम आपला.

अमेरिकेतलं किकस्टार्टर हे क्राउडफंडिंगचं संकेतस्थळ 2009 साली सुरू झालं. तीनच वर्षांत, सप्टेंबर 2012 मध्ये, 'आम्ही दुकान नाही' हे त्या कंपनीला स्वतःहून जाहीर करावं लागलं. त्याच वेळी प्रत्येक मोहिमेच्या पानावर धोके आणि अडचणी यांचा रकाना भरणं सक्तीचं झालं. करार होतो तो पैसे देणारा पाठीराखा आणि गेम बनवणारा यांच्यात; किकस्टार्टर त्यात पक्षकार नसतं. ठरवलेली रक्कम पूर्ण जमली तर ते आपले 5 टक्के कापून घेतं आणि बाजूला होतं. पुढे गेम पूर्ण झालाच नाही तर निर्मात्याने पैसा कुठे गेला ते सांगावं आणि उरलेला परत द्यावा, असं नियम सांगतात. यातला 'उरलेला' हा शब्द दोनदा वाचा. गेमचा खर्च मुख्यतः माणसांच्या पगाराचा असतो, आणि दोन वर्षं पगार वाटल्यावर तिजोरीत फारसं काही उरत नाही.

आणि ती छापील तारीख? मोहीम सुरू करताना पैशांच्या बदल्यात द्यायच्या प्रत्येक बक्षिसापुढे अंदाजे महिना लिहावाच लागतो. तो लिहिला जातो तेव्हा गेम बहुधा चार चित्रं आणि एका व्हिडिओपुरताच अस्तित्वात असतो. मुंबई-पुण्यात बिल्डरच्या ताब्याच्या तारखेवर आपण विश्वास ठेवत नाही, तिथे निदान महारेरात नोंद तरी असते. इथे तीही नाही.

गैरसमज: मागितले त्यापेक्षा जास्त पैसे जमले, आता गेम लवकर येणार.

नेमकं उलट होतं, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा या धंद्याच्या पहिल्याच मोठ्या मोहिमेत आहे. फेब्रुवारी 2012 मध्ये टिम शेफर यांच्या डबल फाइन कंपनीने एका जुन्या धाटणीच्या साहसी गेमसाठी 4 लाख डॉलर मागितले. त्यातले 3 लाख गेमचे, 1 लाख तो बनताना चित्रित करायच्या माहितीपटाचे. महिनाभरात 87 हजार लोकांनी 33 लाख डॉलर ओतले. तारीख दिली होती ऑक्टोबर 2012.

आता शेफर यांच्या जागी स्वतःला ठेवून बघा. हातात मागितल्याच्या आठपट पैसा आहे आणि 87 हजार लोक डोळे लावून बसलेत. 3 लाखांचाच छोटा गेम बनवून द्याल? त्यांनीही दिला नाही. आराखडा फुगला, इतका की 33 लाखही पुरेनात. 2013 च्या जुलैमध्ये त्यांनी पाठीराख्यांना सांगितलं की गेमचे दोन भाग करावे लागतील आणि पहिला विकून दुसऱ्याचा खर्च भागवावा लागेल. 'ब्रोकन एज'चा पहिला भाग जानेवारी 2014 मध्ये आला, दुसरा एप्रिल 2015 मध्ये. गेम बरा होता, माहितीपट मात्र फारच चांगला झाला. गेमला उशीर का होतो हे ज्याला समजून घ्यायचंय त्याने तो पाहावा.

पैसे वाढले की 'स्ट्रेच गोल' येतात: इतके जमले तर नवं पात्र देऊ, तितके जमले तर नवी कथा. मोहिमेच्या उत्साहात हे फुकट वाटतं. 'शव्हेल नाइट' या गेमने 2013 मध्ये 75 हजार डॉलर मागून 3 लाखांवर मिळवले, आणि मूळ गेम 2014 च्या जूनमध्ये दिलाही. पण त्या भरात कबूल केलेल्या जादा गोष्टी पुऱ्या करायला डिसेंबर 2019 उजाडला. त्यांनी शब्द पाळला, हे आवर्जून सांगायला हवं. फक्त त्या शब्दाची किंमत साडेपाच वर्षांची होती.

'स्टार सिटिझन'बद्दल काय लिहावं? क्रिस रॉबर्ट्स यांनी 2012 मध्ये जाहीर केलेला हा अंतराळ-गेम 2014 च्या नोव्हेंबरात येणार होता. आभासी यानं विकत विकत 2024 पर्यंत त्यांनी 70 कोटी डॉलरचा टप्पा ओलांडला. गेमची अपुरी आवृत्ती खेळता येते, लोक आवडीने खेळतातही. पूर्ण गेम मात्र आलेला नाही.

गैरसमज: मागितलेली रक्कम म्हणजे गेमचा एकूण खर्च.

कधी असते, पुष्कळदा नसते. विज्ञानकथा लिहिणारे नील स्टीफनसन यांनी 2012 मध्ये 'क्लँग' या तलवारबाजीच्या गेमसाठी 5 लाख डॉलर मागितले आणि थोडे जास्तच मिळवले. तेवढ्या पैशांत नमुना तयार होणार होता, आणि तो दाखवून पुढचा पैसा मोठ्या गुंतवणूकदारांकडून उभा करायचा होता. नमुना झाला, गुंतवणूकदार आले नाहीत. सप्टेंबर 2014 मध्ये प्रकल्प बंद पडला. ऐतिहासिक अचूकतेच्या नादात खेळण्यातली मजा मागे पडली, अशी कबुली स्टीफनसन यांनी दिली. यात चोरी नव्हती, पण 5 लाखांची मोहीम यशस्वी झाली म्हणजे गेमचा खर्च सुटला, असं समजणारे फसले. म्हणून पानावर आधी एक गोष्ट शोधायची: बाकीचा पैसा कुठून येणार आहे?

गैरसमज: नावाजलेला माणूस असला की धोका नाही.

'मेगा मॅन' या गेममुळे नाव झालेले केजी इनाफुने यांनी 2013 मध्ये 'मायटी नंबर 9'साठी 38 लाख डॉलर जमवले. एप्रिल 2015 चा गेम जून 2016 मध्ये आला आणि समीक्षकांनी तो झोडपला. याउलट 2014 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडच्या टीम चेरी या कुणालाच माहीत नसलेल्या चिमुकल्या संघाने 'हॉलो नाइट'साठी 35 हजार ऑस्ट्रेलियन डॉलर मागितले आणि सुमारे 57 हजार मिळवले. गेम 2017 च्या फेब्रुवारीत आला, म्हणजे उशिराच, पण आज तो या प्रकारातला मानदंड मानला जातो. गंमत पुढेच आहे. मोहिमेच्या शेवटी त्यांनी दुसरं एक खेळता येणारं पात्र कबूल केलं होतं. त्या पात्राचा 2019 मध्ये स्वतंत्र गेम झाला, 'सिल्कसाँग', आणि तो बाजारात यायला 4 सप्टेंबर 2025 उजाडला.

गैरसमज: उशीर झाला म्हणजे फसवणूक झाली.

पेनसिल्वेनिया विद्यापीठाच्या व्हार्टन स्कूलमधले प्राध्यापक इथन मॉलिक यांनी किकस्टार्टरचा अभ्यास केला. डिझाइन आणि तंत्रज्ञान या प्रकारांतल्या 75 टक्क्यांहून अधिक प्रकल्पांना उशीर झाला होता. त्यांच्याच 2015 च्या पाहणीत, सगळे प्रकार धरून, कबूल केलेलं बक्षीस अजिबात न देणारे प्रकल्प सुमारे 9 टक्के निघाले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की चित्र स्पष्ट होतं: उशीर हा इथला रिवाज आहे, बुडणं हा अपवाद आहे. मला विचाराल तर तारखेपेक्षा शांतता जास्त बोलते. दर महिन्याला अडचणी सांगणारा निर्माता दोन वर्षं उशिरा आला तरी येतो. सहा महिने तोंड न उघडणाऱ्याची काळजी करावी.

खरी लबाडी झाली तर कायदा आहे, पण त्याच्याकडून पैशांची आशा धरू नये. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने क्राउडफंडिंगमधली पहिली कारवाई जून 2015 मध्ये केली, ती एका बोर्ड गेमच्या मोहिमेवर. 1,246 जणांनी दिलेल्या 1 लाख 22 हजार डॉलरपैकी बराच भाग निर्मात्याने घरभाडं आणि स्वतःच्या इतर खर्चात उडवला होता. 1 लाख 11 हजार डॉलरचा आदेश निघाला आणि त्याची ऐपत नाही म्हणून स्थगितही झाला.

गैरसमज: आपण गेमचे भागीदार आहोत.

नाही. ऑक्युलस कंपनीच्या 'रिफ्ट' या आभासी वास्तवाच्या हेडसेटला 2012 मध्ये पाठीराख्यांनी 24 लाख डॉलर दिले. 2014 मध्ये फेसबुकने ती कंपनी 2 अब्ज डॉलरला घेण्याचं जाहीर केलं. त्या सौद्यात पाठीराख्यांचा एका डॉलरचाही हिस्सा नव्हता.

गैरसमज: मोहीम फसली म्हणजे गेम गेला.

तसंही नाही. याचं उदाहरण पुण्याचं आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या तिथल्या स्टुडिओने 'राजी' या भारतीय पुराणांवर बेतलेल्या गेमसाठी 2017 मध्ये किकस्टार्टरवर मोहीम चालवली. रक्कम पूर्ण झाली नाही. किकस्टार्टरचा नियम 'सगळे नाहीतर काहीच नाही' असा असल्याने कुणाच्याही कार्डावरून पैसे गेले नाहीत. स्टुडिओने दुसरीकडून जुळवाजुळव केली आणि ऑगस्ट 2020 मध्ये 'राजी' प्रसिद्ध झाला. पैसे न भरता थांबलेल्यांनाही तो विकत घेता आलाच.

तेव्हा घरातला मुलगा कार्ड मागायला आला तर नाही म्हणायची गरज नाही. त्याला एवढंच विचारा: हा गेम कधीच आला नाही तरी चालेल का? चालेल म्हणाला, तर वर्गणी समजून द्या. त्याला फक्त खेळायचं असेल, तर गेम येईपर्यंत थांबा. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतलेला गेम 2 तासांपेक्षा कमी खेळला असेल तर 14 दिवसांच्या आत परत करून पैसे मिळतात.