अवकाळी हवामान आणि द्राक्षमद्याचा कस

खानदेशांतील वाचक बहुधा केळी व कापूस पिकविणारे. द्राक्षमद्याची हकीकत आपल्या कामाची नाहीं, असें त्यांस प्रथमदर्शनीं वाटेल. परंतु अवकाळी हवामानानें पिकाचें वजन एका रीतीनें व कस निराळ्याच रीतीनें कसा बिघडतो, हें शेजारच्या नाशिक जिल्ह्यांत स्पष्ट दिसतें.

तेथें मद्याच्या द्राक्षांची फळछाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरांत होते व काढणी जानेवारीपासून मार्चपर्यंत चालते. छाटणीनंतर कोंवळ्या फुटीवर किंवा फुलोऱ्यावर पाऊस आला, कीं केवडा रोग पडून घडच जातात. सन २००९ च्या नोव्हेंबरांत फयान वादळाच्या सुमारास झालेल्या पावसानें असेंच नुकसान झालें. सन २०२३ मध्यें २६ नोव्हेंबर रोजीं निफाड भागांतील बागा गारपिटीनें झोडपल्या.

पिकत्या घडांवरील पावसाचा परिणाम याहून वेगळा. मणी पाणी पिऊन फुगतो. वजन भरतें, पण रस पातळ होतो व सालही तडकते. एका लिटर रसांतील सुमारें १७ ग्रॅम साखरेपासून शेंकडा एक भाग मद्यार्क होतो. म्हणून साखर घटली, कीं मद्य कमजोर. उलट ऊन लवकर तापलें, तर साखर झपाट्यानें चढते व आम्लता घटते. असें मद्य कडक, पण बेचव. यासाठीं जाणते बागाईतदार केवळ तारीख पाहून घड खुडीत नाहींत; रसांतील साखर व आम्लता मोजून, पहांटेच्या गारव्यांत खुडतात.

फ्रान्सांतील बोन गांवच्या काढणीच्या तारखा मजुरीच्या जुन्या जमाखर्चांवरून व इतर दप्तरांतून थेट सन १३५४ पासून लावतां आल्या आहेत. सन १९८८ पासून तेथील काढणी पूर्वीच्या सरासरीहून सुमारें तेरा दिवस आधीं होऊं लागली, हें त्यांवरूनच सिद्ध झालें.

आपल्याकडे पैसेवारी ठरवितांना हेक्टरीं उत्पन्न मोजतात. कसाची नोंद त्यांत येत नाहीं. कापूस बोंडांत भिजून पिवळा पडला किंवा कडक थंडीनें केळीची साल काळवंडली, तर पैसेवारी चांगली लागूनही शेतकरी भावांत बुडतो. महसुली दप्तरांत उमर घालविल्यावर माझें एवढेंच सांगणें, कीं जें कागदावर नाहीं तें मागतां येत नाहीं. प्रत्येकानें पाऊस, थंडी, काढणीची तारीख, वजन, प्रत व भाव यांची वही ठेवावी. दहा वर्षांनीं ती वही शेताइतकीच मोलाची ठरेल.