नावडत्या प्रश्नांच्या पोटात काय असतं?

‘आडनाव मराठी आणि पत्ता सुदामा नगर, इंदूर. हे कसं काय?’

इंदूरच्या मराठी घरात वाढलेल्या मुलामुलींना मुलाखतीत हा प्रश्न भेटला की कपाळावर आठी पडते. जन्म इथला, शाळा इथली आणि तरी आपण पाहुणे? पण हाच प्रश्न जरा उलटून बघा. त्याच्या उत्तरात मल्हाररावांचा माळवा आहे, १७६७ ते १७९५ महेश्वरातून राज्य चालवणाऱ्या अहिल्याबाई आहेत, १८१८चा मंदसौरचा तह आहे आणि त्यानंतर होळकरांची राजधानी झालेलं इंदूर आहे. समोरच्याने नकळत जवळजवळ तीनशे वर्षांचा इतिहास तुमच्या हातात दिला! एका नकोशा प्रश्नाच्या पोटात एवढं काही असेल, तर बाकीच्यांच्या पोटात काय काय असेल?

सुदामा नगरात मुलाखतीचा विषय घरोघरचा आहे. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय याच शहरात, रेसिडेन्सी भागात आहे. राज्याच्या कानाकोपऱ्यातली मुलं मुलाखतीसाठी रात्रभर प्रवास करून येतात. आमची मुलं फुटी कोठीच्या चौकातून रिक्षा पकडतात. धडधड मात्र सगळ्यांची सारखीच. आयोगाचे असोत की खासगी नोकरीचे, नकोसे प्रश्नही ठरलेले: स्वतःबद्दल सांगा, तुमचा सगळ्यात मोठा दोष कोणता, पगार किती हवा, लग्न कधी करणार?

आता पहिलं आश्चर्य. हे प्रश्न विचारून माणूस कळतो, याची खात्री कुणी कधी करून पाहिली का?

पाहिली! १९१५ साली अमेरिकेत वॉल्टर डिल स्कॉट या मानसशास्त्रज्ञाने सहा अनुभवी विक्री-व्यवस्थापकांना ३६ उमेदवारांच्या वेगवेगळ्या मुलाखती घ्यायला लावल्या आणि प्रत्येकाला क्रम लावायला सांगितला. पहिला कोण, दुसरा कोण हे सोडाच. ३६पैकी २८ जणांच्या बाबतीत माणूस वरच्या निम्म्यात बसतो की खालच्या, यावरसुद्धा सहा जणांचं एकमत होईना. माणसं तीच, नोकरी तीच आणि निकाल सहा तऱ्हांचे.

पुढे १९७९मध्ये टेक्सास राज्यातल्या ह्यूस्टनच्या वैद्यकीय महाविद्यालयात एक प्रयोग आपोआपच घडला. ८०० जणांच्या मुलाखती झाल्या, क्रम लागले, वरच्यांना प्रवेश मिळाला. मग सरकारने ऐनवेळी आणखी ५० जागा भरायला सांगितल्या. तोवर वरची मुलं निरनिराळ्या महाविद्यालयांत गेलेली. उरली होती ती ७०० ते ८०० या क्रमांकांतली. नाइलाजाने तीच घेतली. पुढे दोन्ही गटांची तुलना झाली तेव्हा अभ्यासात फरक नाही, रुग्णालयातल्या कामात फरक नाही, पदवीनंतरच्या पहिल्या वर्षातही फरक नाही. मुलाखतीने तळाला ढकललेली मुलं वरच्यांइतकीच चांगली डॉक्टर होत होती.

असं का व्हावं? कारण मोकळ्या गप्पांची मुलाखत म्हणजे कांदेपोह्यांचा कार्यक्रम. सगळे छान बोलतात आणि उठताना प्रत्येकाची खात्री झालेली असते की आपण समोरच्याला ओळखलं. ही खात्री किती फसवी असते ते जेसन डाना, रॉबिन डॉज आणि नॅथॅनियल पीटरसन यांनी २०१३ साली छापलेल्या प्रयोगात दिसलं. मुलाखत घेणाऱ्यांनी ‘हो की नाही’, ‘हे की ते’ अशाच पद्धतीचे प्रश्न विचारायचे होते. त्यांना न सांगता काही उमेदवारांना एक गुप्त किल्ली दिलेली होती: प्रश्नातल्या शेवटच्या दोन शब्दांची पहिली अक्षरं बघायची आणि त्यावरून हो किंवा नाही ठरवायचं. म्हणजे उत्तराचा प्रश्नाशी काही संबंधच नाही! तरी एकाही मुलाखत घेणाऱ्याला शंका आली नाही. असल्या उमेदवाराला भेटूनही ‘मला हा माणूस कळला’ असंच ते सांगत होते. समोरच्या विद्यार्थ्याला पुढे किती गुण मिळतील याचा अंदाज तर मुलाखतीशिवाय, नुसत्या जुन्या गुणांवरून अधिक बरोबर येत होता. मला हा सगळ्या विषयातला सर्वात थक्क करणारा शोध वाटतो. आपलं मन कुठल्याही तुकड्यांतून अखंड माणूस उभा करतं आणि ते करताना आपल्याला जाणीवही होत नाही.

म्हणून ज्या मुलाखतीतून तुम्ही खूश होऊन बाहेर येता, ती बरेचदा कुचकामी असते. आणि जो प्रश्न ऐकून घसा कोरडा पडतो, तोच कधी कधी सगळ्यात न्याय्य असतो. कोणता? ‘तुमचं वरिष्ठांशी पटलं नाही असा एखादा प्रसंग सांगा. नेमकं काय झालं? तुम्ही काय केलंत?’

या प्रश्नाचं मूळ वैमानिकांच्या प्रशिक्षणात सापडतं. १९४१च्या उन्हाळ्यात आणि शरदात अमेरिकेच्या हवाई दलात वैमानिकांच्या शिक्षणातून गळालेल्या एक हजार उमेदवारांच्या नोंदी तपासल्या गेल्या. गळण्याची कारणं काय लिहिली होती? ‘उपजत उड्डाणक्षमता नाही’, ‘स्वभाव योग्य नाही’, ‘निर्णयशक्ती कमी’. यावरून कुणी काय शिकणार? जॉन फ्लॅनगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. विशेषणं नकोत, प्रसंग सांगा: कोणत्या क्षणी, कोणत्या परिस्थितीत, त्याने नेमकं काय केलं? १९५४ साली फ्लॅनगननी ही पद्धत सविस्तर छापली आणि १९८२मध्ये टॉम जान्झ यांनी घडलेल्या प्रसंगांवर बेतलेली मुलाखत मांडून दाखवली. सगळ्यांना तेच प्रश्न, उत्तरं मोजायची पट्टीही तीच. अशी बांधीव मुलाखत गप्पांपेक्षा भरवशाची ठरते, हे त्यानंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

मग उत्तर कसं द्यायचं? प्रसंग द्या, विशेषण देऊ नका. ‘मी जबाबदार आहे’ हे १९४१चं रिकामं वाक्य झालं. ‘कॉलेजच्या स्नेहसंमेलनाच्या आदल्या संध्याकाळी मंडपवाल्याने फोन बंद केला, तेव्हा मी...’ इथून माणूस दिसायला लागतो. अशा चार-पाच गोष्टी आपल्या आयुष्यातून आधीच निवडून ठेवल्या की बहुतेक प्रश्न त्यांच्यातल्या एकीवर येऊन टेकतात.

दोषाचा प्रश्न मात्र अवघड. आमच्या गल्लीत राज्यसेवेची तयारी करणारी एक मुलगी आहे. तिची रंगीत तालीम एका निवृत्त काकांच्या बैठकीत चालते. मांडीवर प्रमाणपत्रांची फाइल, ओढणी नीट केलेली, आणि काका चष्म्यावरून बघताहेत.

‘तुमचा सगळ्यात मोठा दोष?’

‘मी फार परफेक्शनिस्ट आहे, सर.’

‘अगं, हे तर कौतुक झालं. दोष सांग.’

ती थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, ‘मला नाही म्हणता येत नाही, काका. सगळ्यांची कामं अंगावर घेते आणि शेवटचं अर्धं राहतं.’

‘मग?’

‘आता वहीत आधीची कामं बघते, मगच हो म्हणते. दिवाळीत मावशीला पहिल्यांदा नाही म्हटलं.’

काकांनी चष्मा काढला. ‘हेच बोलायचं तिथे.’

काकांचं बरोबर होतं. ओव्हुल सेझर, फ्रान्सिस्का जीनो आणि मायकेल नॉर्टन यांनी २०१८ साली छापलेल्या अभ्यासात बहुतेक लोकांनी दोष विचारल्यावर दोषाच्या वेषातली स्तुतीच सांगितली, आणि खरा दोष कबूल करणाऱ्यांना कामावर घ्यावं असं मूल्यमापन करणाऱ्यांना जास्त वाटलं. आपण जे लपवतो तेच आपल्या बाजूने बोलतं!

पगाराच्या प्रश्नात तर मनाची आणखी एक खोड दडली आहे. १९७४ साली आमोस ट्वेर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी एका प्रयोगाचा वृत्तान्त दिला. लोकांसमोर एक चाक फिरवायचं. ते मुद्दाम १० किंवा ६५वरच थांबेल असं केलेलं. मग विचारायचं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतले देश किती टक्के? १० पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५ आला, ६५ पाहिलेल्यांचा ४५. चाकाचा आफ्रिकेशी काय संबंध? काहीही नाही. तरी कानावर पडलेला आकडा पुढच्या विचाराला खुंटीसारखा धरून ठेवतो. ‘सध्या किती मिळतात?’ हा प्रश्न तीच खुंटी ठोकतो: आज कमी मिळतं म्हणून उद्याही कमी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून नोकरी देऊ करण्याआधी जुना पगार विचारायला बंदी घातली. आपल्याकडे तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या सर्रास मागतात. तेव्हा त्या कामाचा बाजारभाव आधी काढून ठेवावा आणि तो आकडा आपणच पहिल्यांदा बोलावा. खुंटी आपल्या हातची असलेली बरी.

आणि काही प्रश्न मुळात विचारायचेच नसतात. नीरा माथुर या तरुणीला आयुर्विमा महामंडळात लागताना एका छापील जाहीरनाम्यात मासिक पाळी आणि गर्भधारणेची माहिती भरावी लागली आणि पुढे ती चुकीची ठरवून तिला काढण्यात आलं. १९९१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिला परत कामावर घ्यायला लावलं आणि असे लाजिरवाणे रकाने काढून टाकावेत असं सुचवलं. त्याआधी १९८०मध्ये अजय हसिया खटल्यात श्रीनगरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलाखती न्यायालयासमोर आल्या होत्या. मुलाखत जेमतेम दोन-तीन मिनिटांची, प्रश्न वडील कोण आणि राहता कुठे असले, आणि त्यासाठी गुण मात्र एकूण गुणांच्या एक तृतीयांश! न्यायालयाने त्या प्रवेशांपुरती १५ टक्क्यांची मर्यादा सुचवली. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत आज २०२५पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, म्हणजे साडेतेरा टक्क्यांच्या आसपास. ‘लग्न कधी?’ असं कुणी विचारलंच, तर ‘या कामाला लागणारा वेळ आणि फिरती मला जमेल’ एवढंच सांगून कामाकडे वळावं. त्यापलीकडे उत्तर देणं लागत नाही.

शेवटी येतो ‘तुम्हाला काही विचारायचं आहे?’ इथे बहुतेक जण ‘नाही सर, धन्यवाद’ म्हणून उठतात. उठू नका. वैमानिकांच्या प्रशिक्षणातली ती प्रसंग विचारायची युक्ती आता तुमच्या हातात आहे: ‘या जागेवर आधी ज्यांनी उत्तम काम केलं, त्यांनी पहिल्या वर्षात असं नेमकं काय केलं होतं?’ उत्तरात माणूस आला, प्रसंग आला, तर काम काय आहे ते तुम्हाला कळलं. ‘आमच्याकडे वातावरण फार छान आहे’ एवढंच आलं, तर अजून एक प्रश्न विचारा.